पोत्तन पेरप्पन अकरा वेळा वाकले

रान्नी,
गुरुवार, १४ नोव्हेंबर २०२४, सकाळचे दहा वाजून दहा मिनिटे.
(यावेळी मी स्वयंपाकघरात मोडेमचा प्लग काढून, घड्याळाकडे बघत उभा होतो. आता बसून लिहितो आहे. प्लग अजून काढलेलाच आहे.)

आदरणीय कोच्चप्पन यांना पुतण्या जिनोयचा नमस्कार.

तुमचा उजवा गुडघा आता कसा आहे? घंटेचा दोर ओढताना डाव्या पायावर भार द्या असे वैद्यरांनी सांगितले होते, ते तुम्ही पाळत नसणार हे मला माहीत आहे. कोच्चम्मांची साखर तपासली का? इकडे आमची आई, अम्माची, बरी आहे. नारळ, मासळी आणि माझे लग्न या तीन गोष्टींचे भाव तिला रोज काळजीत टाकतात, एरवी तब्येत चांगली. अप्पन गेल्यापासून आमच्या घराला मोठे माणूस म्हणून तुम्हीच आहात, म्हणून हे पत्र तुम्हाला. दुसरे काही कारण नाही. सहज ख्यालीखुशाली विचारावी एवढाच हेतू.

फोन का केला नाही असे तुम्ही म्हणाल. तुमच्या टेकडीचे वळण ओलांडले की फोन मरतो, आणि मेला हे तो सांगत नाही. मी बोलत राहतो, तुम्ही तिकडे बोलत राहता, आणि दोघेही बोलणे झाले असे समजून ठेवून देतो. गेल्या ईस्टरला अशाच एका फोनवर मी येत नाही असे सविस्तर कारणांसह सांगितले, आणि कोच्चम्मांनी माझ्यासाठी अख्खे बदक शिजवून संध्याकाळपर्यंत झाकून ठेवले. पत्राचे तसे नाही. पत्र पोचले नाही तर पोस्टमन ते परत आणून देतो आणि वर कारणही लिहिलेले असते, घर बंद, पत्ता अपुरा, मनुष्य मयत. पूर्वी मला यात काही विशेष वाटत नसे. आता वाटते, आणि का वाटते ते सांगायचे तर जरा मागून सुरुवात करावी लागेल.

मी बेबिच्चायनांच्या एम्माउस व्हिडिओमध्ये नोकरी करतो हे तुम्हाला माहीत आहे, पण तिथे नेमके काय करतो हे तुम्ही कधी विचारले नाही आणि अम्माची लोकांना ‘कॉम्प्युटरचे’ एवढेच सांगते. (पॉलिटेक्निक दुसऱ्या वर्षी सुटले हे ती सांगत नाही, मीही सांगत नाही.) आपल्याकडे प्रत्येक घरातले निम्मे लोक कुवेत, दुबई, डब्लिन इथे आणि उरलेले निम्मे म्हातारे. म्हातारे माणूस गेले की निम्म्यांना रजा मिळत नाही. मग आम्ही जातो. शवपेटीच्या पायथ्याशी कॅमेरा लावतो आणि तिकडची मंडळी तिकडे बसून बघतात. कॅमेरा एल्दो सांभाळतो. माझे काम म्हणजे तिकडच्या लोकांच्या ब्राउझरमध्ये जो छोटा प्रोग्राम बसवावा लागतो, ज्याला प्लगिन म्हणतात, तो लिहिणे, आणि आमच्या पानावरचे जावास्क्रिप्ट लिहिणे. ही दोघे सतत एकमेकांशी बोलत असतात. तुम्ही चर्चचे कप्यार आहात, घंटा आणि वेदीवरच्या मेणबत्त्या सांभाळता, तुम्हाला चटकन कळेल. प्रार्थनेत वेदीपाशी उभे राहून अच्चन एक ओळ म्हणतात आणि लोक उत्तर देतात, पुन्हा अच्चन, पुन्हा लोक. आमचे पान म्हणजे अच्चन आणि प्लगिन म्हणजे लोक. पान दर तीन सेकंदांनी म्हणते, आहात का? प्लगिन म्हणते, आहोत, आणि चित्र पुढे जाते. सगळी अडचण एकाच ठिकाणी आहे. अच्चनांनी म्हटले आणि लोकांकडून उत्तरच आले नाही, तर अच्चनांनी करायचे काय?

पूर्वी आमच्याकडे याला काहीच उत्तर नव्हते. संपर्क तुटला की पडद्यावर एक चक्र फिरत राही. माणसे घाबरून पान पुन्हा उघडत, आणि मग ब्राउझर आपल्या पदरचा तो उड्या मारणारा छोटा डायनासोर दाखवी. चेंगन्नूरच्या एका बाईंच्या अंत्यविधीला डब्लिनमधल्या त्यांच्या मुलीला, आईच्या चेहऱ्याच्या जागी, हा प्राणी दिसला. तिने बेबिच्चायनांना फोन करून जे सुनावले ते त्यांनी स्पीकरवर ठेवून आम्हा दोघांना ऐकवले. बेबिच्चायन साठीचे आहेत आणि माणूस वाईट नाही. ते म्हणाले, “लग्नात चित्र थांबलं तर लोक हसतात. मयतात थांबलं तर शाप देतात. यापुढे तुटलेलं कुणालाही दिसता कामा नये. कसं करायचं ते तू बघ.”

मी बघितले. तीन आठवडे खपून मी अशी व्यवस्था लिहिली की उत्तर आले नाही तर शेवटची वीस सेकंदे, जी प्लगिनने जपून ठेवलेली असतात, तीच पुन्हा दाखवायची, जरा सावकाश, वरून भजनाचा आवाज सोडून, आणि जोड दिसू नये म्हणून मध्ये क्षणभर चित्र धूसर करायचे. संपर्क जुळला की पुढचे चालू. म्हणजे लोकांचे उत्तर आले नाही तर अच्चनांनीच मागचे उत्तर लोकांच्या आवाजात म्हणून टाकायचे. याची परीक्षा मी याच स्वयंपाकघरात घेतली. अम्माची नारळ खवत होती, समोर कॅमेरा लावला, मोडेमचा प्लग काढला, आणि दुकानात बसलेल्या बेबिच्चायनांना बघायला सांगितले. अकरा मिनिटांनी त्यांनी फोन करून विचारले, सुरू कधी करतोस? त्या अकरा मिनिटांतली दहा अम्माची घरात नव्हती. ती शेजारी मीठ मागायला गेली होती. पडद्यावर मात्र ती शांतपणे नारळ खवत होती. बेबिच्चायनांनी माझा पगार वाढवला. मी त्या रात्री समाधानाने झोपलो.

आता इट्टियविरा मास्टर. त्यांच्या अंत्यविधीला, त्या मंगळवारी, तुम्ही मंडपात होतातच, त्यामुळे काय घडले ते तुम्हाला मी सांगावे असे नाही, पण मला काय दिसले ते सांगतो, कारण ती निराळी गोष्ट आहे. मास्टरांनी मला पाढे शिकवले. सतराच्या पाढ्याला मी अडखळलो की ते छडी उचलत आणि मारायचे विसरून खिडकीबाहेर बघत बसत. त्यांचा एकुलता एक मुलगा रेंजी कुवेतला, कंपनीने रजा नाकारली, म्हणून आम्हाला बोलावणे. स्वस्तातला दर ठरला होता, फक्त थेट दाखवायचे, नोंद ठेवायची नाही. (नोंद हवी तर जास्त पडतात. रेंजीला मी ते दोनदा विचारले होते. तो म्हणाला, अप्पनचा मेलेला चेहरा साठवून काय करू, एकदा नीट बघू दे म्हणजे झालं.) मास्टरांचे घर चढावर, म्हणून शव थंड ठेवणारी फ्रीजची पेटी चर्चच्या मंडपातच आणली होती. सकाळी त्यांना लाकडी पेटीत हलवले, आणि रिकामी फ्रीजपेटी भिंतीशी गुणगुणत राहिली, कारण ती ज्याची होती तो चहाला गेला होता. तिचा प्लग आणि माझ्या मोडेमचा प्लग एकाच बोर्डावर. माझ्या प्लगवर मी सुवाच्य अक्षरात चिठ्ठी चिकटवली होती, ‘मोडेम. कृपया काढू नये.’ शुद्धलेखन दोनदा तपासले होते. चिठ्ठीचे तोंड भिंतीकडे होते, ते तपासले नव्हते.

मास्टरांच्या कपाळाचा निरोपाचा मुका घेणे सुरू झाले. रांग लागली. अच्चनांनी मोबाईल बाहेर काढायला बंदी केलेली, त्यामुळे साऱ्या मंडपात आमचा एकच डोळा, तोही तिपाईवर (एल्दो पुढची जागा बघायला कबरीकडे गेला होता). मी पेटीपासून तीन हातांवर, स्टुलावर लॅपटॉप, कानांवर हेडफोन, आणि कुवेतला जे दिसते तेच माझ्या पडद्यावर. तेवढ्यात रांगेत कुजबुज झाली असावी (मला ऐकू आली नाही), कारण पोत्तन पेरप्पन आले होते. मास्टरांचा सख्खा थोरला भाऊ, रेंजीचा मोठा काका, पण फणसाच्या झाडावरून दोघांत बारा वर्षे बोलणे नाही, आणि मधे भिंत. मास्टरांच्या आजारपणातही ते भिंतीपर्यंत येत आणि परत जात, असे मास्टरांच्या पत्नी एलियाम्मा टीचर सांगतात. पडद्यावर ते चालत आले, पेटीशी थांबले, छत्री डाव्या हातातून उजव्या हातात घेतली आणि वाकले. नेमकी तेव्हाच फ्रीजपेटीची गुणगुण अच्चनांना सहन होईना. त्यांनी भुवई उडवली, आणि कोणीतरी जाऊन प्लग काढला. गुणगुण चालूच राहिली. म्हणून दुसराही काढला.

यानंतर मला जे दिसले ते असे. पोत्तन पेरप्पन चालत आले, थांबले, छत्री बदलली, वाकले. चालत आले, थांबले, छत्री बदलली, वाकले. कानात भजन. मला वाटले, काय हे दुःख. बारा वर्षांचे एकदम बाहेर पडते आहे, भावाला सोडवत नाही, निघतात आणि परत येतात. चौथ्या की पाचव्या वेळी मला रडू आले. ज्याने ती वीस सेकंदे जोडायची युक्ती स्वतःच्या हाताने लिहिली तो मी, आणि मला रडू आले. रुमाल काढायला मान वर केली तेव्हा समोर पेटी नव्हती. ती खांद्यावर घेऊन लोक कबरीच्या वाटेला लागले होते, चेहऱ्यावर शोशप्पाचे कापड टाकून झाकण बंद झालेले होते, आणि पोत्तन पेरप्पन लांब फाटकाशी एकटे उभे होते. लॅपटॉपवर ते अजून वाकतच होते. मी रांगत जाऊन प्लग बसवला. नंतर प्लगिनने ठेवलेला हिशेब पाहिला. अकरा वेळा, जवळजवळ चार मिनिटे. रेंजीने वडिलांचा चेहरा झाकताना पाहिला नाही. मी तीन हातांवर बसून पाहिला नाही.

तुम्ही म्हणाल, मग मुलाने तक्रार केली असेल. तसे झाले असते तर मी आज नीट जेवत असतो. त्याने आभार मानले. कॅम्पमधल्या सामाईक लॅपटॉपवर नऊ जण त्याच्याबरोबर उभे होते, त्यात दोघे नेपाळी आणि एक बंगाली, सगळ्यांनी टोप्या काढल्या होत्या. तो मला फोनवर म्हणाला, पेरप्पनने अप्पनचे अकरा मुके घेतले, मी मोजले, आता माझ्या मनात काही राहिलेले नाही. (रडणाऱ्या माणसाला जोड दिसत नाही हे मी बेबिच्चायनांना सांगितले. त्यांना ती आपल्या मालाची स्तुती वाटली.) मी त्याच वेळी सांगायला हवे होते. तोंड उघडलेही होते. पण फोन कापला गेला, आणि मी पुन्हा लावला नाही. लगेच त्याने पोत्तन पेरप्पनांना फोन केला. म्हणाला, एकेचाळिसाव्या दिवशी भिंत पाडा, दोन्ही अंगणांत मिळून एकच पंगत बसवा, आणि मी येईपर्यंत माझ्या अम्माचीला तुमच्या पदरात घ्या. एलियाम्मा टीचर त्या घरात एकट्या आहेत हे तुम्हाला माहीतच आहे. त्यांना जिना चढवत नाही.

शनिवारी पोत्तन पेरप्पन दुकानात आले. वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी दोन बस बदलून. बेबिच्चायनांनी खुर्ची दिली, ते बसले नाहीत. छत्री काउंटरवर ठेवून मला म्हणाले, “पोरा, मी काय केलं ते मला दाखव.”

मी म्हणालो की नोंद ठेवलेली नाही, आणि जी वीस सेकंदे होती तीही संपर्क जुळल्यावर पुसली जातात, मीच तशी लिहिली आहेत. त्यांना ते पटेना. मला गुंडाळू नकोस म्हणाले, सरकार सगळं ठेवतं मग तू का ठेवत नाहीस. मग काउंटरवर झुकून, बेबिच्चायनांना ऐकू जाऊ नये अशा आवाजात बोलले.

“वाकलो हे आठवतं. त्याच्या कपाळाला फ्रीजचं पाणी सुटलं होतं, तेही आठवतं. पुढं ओठ टेकले का नाही, काही आठवत नाही. त्यानं मला एकदा थोरला म्हणून हाक मारावी म्हणून मी बारा वर्षं भिंतीशी जात होतो, आणि तिथं वाकून माझ्या मनात काय आलं असेल सांग? फणस. फणसच आला डोळ्यापुढं. आता पोरगं म्हणतंय अकरा. एकही घेतला नसेल तर मी त्याच्या आईच्या घरात कोणत्या तोंडानं जाऊ?”

नेमके कळेपर्यंत भिंतीला हात लावणार नाही असे सांगून ते गेले. छत्री विसरले. ती मी जपून ठेवली आहे.

रविवारी आणि सोमवारी मी तुमच्या गावात येऊन गेलो. सात जणांना विचारले. रांगेत त्यांच्या मागे असलेली साराम्मा म्हणाली, मुका घेतला, आवाज आला. पोत्तन पेरप्पनांच्या मेहुण्याने सांगितले की घेतला नाही, तो माणूस घेणारच नाही. दोघांना फक्त पाठ दिसली. एकाने मलाच विचारले की तू तर अगदी जवळ होतास. एलियाम्मा टीचरांनी डोळे मिटले होते, त्या म्हणाल्या की बाळा, तू अकरा पाहिलेस ना, मग तेवढे पुरे. अच्चनांचे लक्ष पुस्तकात होते. तुमच्या अंगणापर्यंतही आलो होतो. कोच्चम्मा मुंडू वाळत घालत होत्या. हाक न मारता वळलो. त्यांना सांगू नका, त्या बदक शिजवायला बसतील.

तेव्हापासून मी सगळे नव्याने लिहितो आहे आणि सकाळपासून प्लग काढून तेच तपासतो आहे. आता उत्तर आले नाही की पान ओरडत नाही, घाईही करत नाही. तीन सेकंद थांबून पुन्हा विचारते, मग सहा, मग बारा, म्हणजे बिचाऱ्या लाईनवर धाड पडत नाही. जुने काही दाखवत नाही. कॅमेऱ्याशेजारी आता सगळे साठवून ठेवतो, दर कितीही स्वस्त असो, आणि संपर्क जुळला की राहिलेले आधी दाखवतो. आणि मधल्या वेळेत काळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरात एवढेच येते: ‘संपर्क तुटला आहे. आम्ही पुन्हा जोडत आहोत. या वेळात तिथे जे घडते आहे ते तुम्हाला दिसत नाही.’ शेवटच्या वाक्यावरून बेबिच्चायनांचे आणि माझे दोन दिवस वाजले. ते म्हणतात, दिसत नाही हे ऐकायला कोणी पैसे देत नाही. मी म्हटले, ते वाक्य काढायचे असेल तर मलाही काढा. त्यांनी विचार करून सांगतो म्हटले आहे. त्यामुळे पुढच्या महिन्यात मी कुठे असेन ते नक्की नाही, पण त्याची काळजी करू नका आणि अम्माचीलाही कळवू नका.

बाकी सर्व क्षेम. वळणावरच्या रबराला यंदा चीक बरा आहे असे ऐकले. गुडघ्याला तेल लावत जा.

तुमचा आज्ञाधारक पुतण्या,
जिनोय

ता. क. पहिल्या परिच्छेदात दुसरे काही कारण नाही असे लिहिले ते खरे नव्हते. खोडले असते, पण खाडाखोड बरी दिसत नाही. खरे कारण असे. पेटीच्या डोक्याशी, पोत्तन पेरप्पनांच्या समोर, शोशप्पा हातात घेऊन एकच माणूस उभा होता, आणि ते तुम्ही. त्या चार मिनिटांत जे जे घडले ते क्रमाने लिहून पाठवा. त्यांचे ओठ टेकले का. मास्टरांचा चेहरा कसा होता. कापड कोणी घातले, आधी कोणती बाजू. मी ते रेंजीला फोनवर वाचून दाखवीन, अकरा मुके कुठून आले तेही त्याआधी सांगेन. मध्येच फोन तुटला तर पुन्हा लावून पहिल्या ओळीपासून वाचीन. मग भिंतीचे काय करायचे ते त्या दोघांनी ठरवावे. पंगत १५ डिसेंबरला आहे.

ता. क. दुसरा. खर्च तुम्हाला कळावा म्हणून लिहितो, मागण्यासाठी नाही.
तुमच्या गावाला दोन वेळा जाऊन येऊन बसभाडे: १२८ रुपये.
उत्तराचे पाकीट, तिकीट लावून सोबत ठेवले आहे: ६ रुपये.
स्पिरिट आणि कापूस, मोडेमच्या प्लगवरचे मेण पुसण्यासाठी: ३५ रुपये.
देणे: रेंजीने खुशीने पाठवलेले पाच दिनार. मोडलेले नाहीत, परत करायचे आहेत.

मेण पिवळे होते, वेदीवरच्या जाड मेणबत्तीचे, आणि त्यात अंगठा उमटला होता. बेबिच्चायनांना मी प्लग आपोआप सैल झाला असे सांगितले आहे. अच्चनांनी भुवई उडवल्यावर कोणीतरी जायलाच हवे होते, त्यात कोणाचा दोष नाही, आणि चिठ्ठी उलटी मीच चिकटवली होती. एवढेच की पोत्तन पेरप्पन वाकले त्या क्षणी तुमचे तोंड भिंतीकडे असेल, तर कोच्चप्पन, तसेच लिहा. त्याच्याऐवजी दुसरे काही लिहू नका. मी रेंजीला तेवढेच वाचून दाखवीन.